आग रामेश्वरीं, बंब सोमेश्वरीं

म्हणींचें एक बरें असतें. त्या हंसत हंसत मनांत शिरतात आणि कित्येक वर्षांनीं एखाद्या गंभीर प्रसंगीं आपला खरा अर्थ उघड करतात. ‘आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं’ ही त्यांतलीच एक. आग एकीकडे लागली असतां बंब भलतीकडेच धांवला, एवढी गंमत पोरवयांत पुरते. परंतु बंब अचूक पत्त्यावर येऊनहि चुकूं शकतो, हेंहि त्या म्हणीच्या पोटांत दडलेलें आहे. कढईंतील तेल पेटलें असतां कोणी घागरभर पाणी घेऊन धांवला, तर तो रामेश्वरीं उभा असूनहि सोमेश्वरींच असतो. आणि ज्या खोलींत माणूस निजला आहे त्याच खोलींत, आगीबरोबर त्याचाहि श्वास कोंडणारा वायु सोडणारें यंत्र कोणीं बसविलें, तर त्याचा बंब सोमेश्वराच्याहि पलीकडे गेला असें म्हणावें लागेल. व्यवसायाच्या जागेंत आग विझविण्याचें साधन निवडणें हा विषय रूक्ष खरा. पण गेल्या वर्षीं तो आमच्यावर येऊन पडला, आणि त्या निमित्तानें जे विचार सुचले ते वाचकांपुढें मांडण्याजोगे वाटतात.

नव्या मुंबईंत, महापे येथील औद्योगिक वसाहतींत, आमचा एक मध्यम आकाराचा छापखाना आहे. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगररांगेच्या पायथ्याशीं, दिघ्यापासून थेट नेरुळच्या बाजूपर्यंत ही वसाहत पसरलेली आहे. तिचें सरकारी नांव ‘ट्रान्स ठाणे क्रीक’. लोक टीटीसी म्हणतात. औषधें, रंग, रसायनें, रबर, प्लास्टिक यांचे कारखाने येथें दाटीनें उभे आहेत. अलीकडे त्यांत मोठमोठ्या संगणककेंद्रांची भर पडली आहे. बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती, आंत माणसें मोजकीं आणि यंत्रें अगणित. अशा शेजारांत आगीची वर्दी कांहीं नवी नाहीं. डोंगराच्या अंगास काळ्या धुराचा लोट दिसला कीं वसाहतींतले मालक एकमेकांस फोन करूं लागतात. प्रश्न एकच, ‘कुणाचें?’ ‘आपलें नव्हे’ असें उत्तर मिळालें कीं सुस्कारा टाकावयाचा आणि पुन्हां कामास लागावयाचें, ही रीतच होऊन बसली आहे.

आम्हीं मागील गाळा घेऊन कागदाची वखार वाढविली, तेव्हां आग विझविण्याच्या व्यवस्थेचा नव्यानें विचार करणें प्राप्त झालें. महाराष्ट्रांत या बाबतींत २००६ सालचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा अधिनियम आहे. इमारतीचा मालक किंवा भोगवटादार यानेंच ही व्यवस्था करावी, ती परवानाधारक संस्थेकडून करून घ्यावी, आणि ती चालू स्थितींत असल्याचें प्रमाणपत्र दर वर्षीं जानेवारी व जुलै या महिन्यांत सादर करावें, असें तो सांगतो. या कायद्याच्या नांवांत दोन शब्द आहेत. त्यांपैकीं ‘आग प्रतिबंधक’ हा सर्वांच्या तोंडीं असतो. ‘जीवसंरक्षक’ हा बहुधा शिक्क्यापुरताच उरतो. दरपत्रकें घेऊन तीन निरनिराळ्या संस्थांचे प्रतिनिधि आमच्याकडे आले. तिघेहि जाणते, सभ्य आणि आपापल्या मालाविषयीं निष्ठावंत. परंतु प्रत्येकाचा पहिला प्रश्न एकच होता : “साहेब, तुम्हांला वांचवायचं काय आहे?” आम्ही मालाची यादी सांगूं लागलों कीं ते तत्परतेनें टिपून घेत.

त्यांची निवड समजण्यासाठीं आगीचा स्वभाव थोडा पाहिला पाहिजे. आगीला जगावयास चार गोष्टी लागतात : जळण, उष्णता, हवेंतील प्राणवायु, आणि एकदां सुरू झाली म्हणजे स्वतःच स्वतःला पुढें रेटणारी रासायनिक साखळी. यांपैकीं एक काढून घेतली कीं आग मरते. जगांतील झाडून सारीं अग्निशामक साधनें म्हणजे या चौघांपैकीं कोणाला तरी काढून घेण्याच्या तऱ्हा होत. पाणी उष्णता हिरावून घेतें. एक किलो उकळत्या पाण्याची वाफ होतांना सुमारें २,२५७ किलोज्यूल उष्णता खर्चीं पडते; इतकी मोठी तहान असलेला आणि इतका स्वस्त पदार्थ दुसरा नाहीं. फेस तेलावर पांघरूण घालतो. लाल नळकांड्यांतील कोरडी भुकटी साखळी तोडते, पण यंत्रांत शिरून त्यांस गंज चढविते. कार्बन डायऑक्साइड, नायट्रोजन, आर्गॉन हे वायु हवेंतील प्राणवायूचें प्रमाण घटवितात. येथवर सर्व सरळ आहे. अडचण एवढीच कीं प्राणवायूची गरज आगीप्रमाणें माणसालाहि असते.

वखारीपासून आरंभ करूं. कागद आणि पाणी यांचें वैर सर्वश्रुत आहे, म्हणून पाण्यानें भरलेल्या नळ्या कागदाच्या डोक्यावर टांगून घ्याव्या ही कल्पना छापखानेवाल्यास प्रथमदर्शनीं असह्य वाटते. तिच्या मागें एक लोकभ्रमहि आहे. चित्रपटांत कोणी एका कोपऱ्यांत काडी पेटवितो आणि साऱ्या इमारतींतील स्प्रिंकलर एकदम वर्षाव करूं लागतात. नेहमींच्या पद्धतींत तसें होत नाहीं. प्रत्येक स्प्रिंकलरच्या तोंडाशीं रंगीत द्रवानें भरलेली कांचेची लहानशी नळी असते. लाल नळी ६८ अंशांस फुटते, पिंवळी ७९ अंशांस, हिरवी ९३ अंशांस; आणि जी फुटेल तेवढ्याच तोंडांतून पाणी येतें. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या छपराखालीं किती तापतें तें मोजून रंग ठरवावयाचा, एवढें भान ठेवलें म्हणजे उन्हाळ्यांत उगाच पाऊस पडत नाहीं. ही युक्ति कारखानदारांच्याच गरजेंतून वाढली. १८७४ सालीं अमेरिकेंत न्यू हेवन येथें हेन्री पार्मेली नांवाच्या पियानोच्या कारखानदारानें आपला कारखाना वांचविण्यासाठीं अशीं आपोआप उघडणारीं तोंडें बसविलीं. पियानोचें लांकूड पाण्याला कागदापेक्षां फारसें कमी भीत नाहीं. तरीहि त्या गृहस्थानें पाणीच पत्करलें.

त्याचा हिशेब उघड आहे. एकदोन तोंडें उघडून आग जागच्या जागीं दबली, तर एका कोपऱ्यांतील कांहीं रिमें भिजतात. ती दबली नाहीं आणि बाहेरून बंब आले, तर त्यांची एकेक नळी मिनिटास कित्येकशें लिटर पाणी ओतते, आणि तोंवर भिजण्यासारखें फारसें उरलेलेंहि नसतें. २१ जून २०१२ रोजीं मुंबईंत मंत्रालयास आग लागली; पांच जणांचे प्राण गेले आणि वरच्या मजल्यांवरील दप्तरांची राख झाली. कागदाचा मोठा शत्रु कोण, पाणी कीं आग, याविषयीं त्यानंतर वाद उरूं नये.

तथापि आमच्यापुढें आलेलें सर्वांत मोहक दरपत्रक पाण्याचें नव्हतेंच. तें कार्बन डायऑक्साइडचें होतें. एक थेंब पडणार नाहीं, एक ताव खराब होणार नाहीं. धूर दिसला कीं घंटा होईल, तीस सेकंद थांबून वायु सुटेल, वखार भरून जाईल आणि आग गुदमरेल. खर्चहि इतर वायूंच्या मानानें बेताचा. मालाच्या दृष्टीनें याहून सुंदर उपाय सुचणें कठीण.

आमच्या वखारीस रात्रीं एक पहारेकरी असतात. आम्ही सर्व त्यांस तात्या म्हणतों. मूळचे ते जावळीकडील. तुर्भ्याच्या बाजारांत माथाडी म्हणून पोतीं वाहण्यांत त्यांची उमेद गेली, गुडघे गेले, आणि आतां पहाऱ्याच्या एका ठेकेदारामार्फत ते आमच्याकडे येतात. ठेकेदाराचे असल्यामुळें आमच्या हजेरीपटावर त्यांचें नांव नाहीं. पाहणीस आलेल्या गृहस्थांनीं आपल्या छापील तक्त्यांत ‘रात्रीं उपस्थित व्यक्ति’ या रकान्यापुढें, हजेरीपट पाहून, ‘निरंक’ असें लिहिलें होतें. दप्तराच्या दृष्टीनें तें अगदीं बिनचूक होतें. तक्ता सहीसाठीं समोर आला तेव्हां तात्या रात्रीच्या कामावर येऊन दाराशीं उभे होते.

“तात्या, रात्रीं तुम्ही बसतां कुठें?” आम्हीं विचारलें.

“फाटकाशीं, साहेब. पाऊस आला म्हणजे आंत मागल्या बाजूला, रिळांच्या आडोशाला खाट टाकतों. तिथं कोरडं असतं.”

“आणि घंटा वाजली तर?”

“घंटा वाजली तर आधीं आंत जाऊन बघणार, काय पेटलंय तें. मग तुम्हांला फोन करणार. पळून कसं जायचं? मग पहारा कसला?”

या उत्तरानें तक्त्यावरील सही तशीच राहिली. यंत्राच्या कल्पनेंत घंटेचा अर्थ ‘बाहेर पडा’ असा होता. तात्यांच्या कल्पनेंत तिचा अर्थ ‘आंत जा’ असा होता. दोन्ही अर्थ आपापल्या ठिकाणीं प्रामाणिक. एका रविवारीं आम्हीं घड्याळ लावून पाहिलें. वखारींतले दिवे मालवले, तात्यांस खाटेवर निजण्यास सांगितलें आणि घंटा वाजविली. ते उठले, चपला शोधल्या, विजेरी पेटविली, रिळांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेनें बाजूच्या दारापर्यंत आले. एक मिनिट दहा सेकंद झाले होते. त्या दिवशीं धूर नव्हता, भीति नव्हती, आणि काय पेटलें तें पाहण्यास ते वाटेंत थांबलेहि नव्हते.

कार्बन डायऑक्साइडनें खोली भरून आग विझवावयाची तर हवेंत त्याचें प्रमाण निदान शेंकडा ३४ तरी असावें लागतें; गठ्ठ्यांच्या आंतून धुमसणाऱ्या कागदास तर याहून पुष्कळ अधिक. माणसास मात्र शेंकडा दहाच्या वर गेलेलें प्रमाण कांहीं मिनिटांतच बेशुद्ध करतें, आणि खोली भरण्याइतकें प्रमाण थोड्याच श्वासांत प्राण घेतें. हा केवळ पुस्तकी धाक नव्हे. एप्रिल २०२१ मध्यें टोकियो शहरांत एका इमारतीच्या तळघरांतील वाहनतळावर छताचें काम चाललें असतां तेथील अग्निशामक यंत्रणेंतून हाच वायु सुटला आणि चार कामगार मरण पावले. तेथें आग लागलेलीच नव्हती. यंत्रानें आपलें काम चोख बजावलें; आंत माणसें आहेत हें मात्र त्याला कोणीं सांगितलेलें नव्हतें.

कोणी म्हणेल, पहारेकऱ्यास वखारींत निजूं देऊं नये म्हणजे झालें. पण पावसाळ्याच्या चार महिन्यांत महाप्याचा पाऊस ज्यानें पाहिला आहे, त्याला कागदावरचा नियम आणि पहाटे तीनची वेळ यांतील अंतर ठाऊक असतें. शिवाय आज पहारेकरी असेल, उद्यां निकडीचें काम आलें म्हणून थांबलेला बांधणी विभागांतला मुलगा असेल, परवां दुरुस्तीस आलेला गवंडी असेल. माणूस आंत नसेलच अशा विश्वासावर चालणारें साधन माणसांच्या जागेंत आणूं नये, असा आमचा निर्णय झाला. त्याला एक तांत्रिक आधारहि होता. कागद पोटांतून धुमसतो. त्याला विझविण्यासाठीं वायु बराच वेळ कोंडून ठेवावा लागतो, आणि आमच्या वखारीच्या गुंडाळत्या शटरांच्या फटींतून तो तितका वेळ टिकण्याची आशा नव्हती. वायु निघून जातांच हवा आंत येते आणि निखारा पुन्हां डोळे उघडतो.

म्हणून वखारीस आम्हीं पाणी दिलें. त्यासाठीं वेगळी टांकी बांधली, कारण वसाहतीचें पाणी दुरुस्तीपायीं कधींमधीं बंद असतें आणि आग तो दिवस टाळून येत नाहीं. विजेवर चालणारा एक मोठा पंप, वीज गेल्यास चालणारा डिझेलचा दुसरा, आणि नळ्यांतील दाब कायम ठेवणारा लहानसा जॉकी पंप अशी तीन भावंडें टांकीशेजारीं बसविलीं. रिळांची रास स्प्रिंकलरच्या खालीं निदान अर्धा मीटर मोकळी जागा सोडून रचावयाची, असा दंडक घातला. नाहींतर पाण्याचें छत्र उघडण्यापूर्वींच कागदाशीं अडतें. पैशाच्या दृष्टीनें सर्वांत जड गेला तो हा अर्धा मीटर. तेवढ्या उंचींत किती कागद मावला असता याचा हिशेब आमचे वखारप्रमुख अद्याप मधूनमधून ऐकवितात.

संगणकाची खोली हा निराळा प्रश्न. तेथें छपाईच्या पानांचा संग्रह आणि प्लेट काढण्याचें यंत्र असतें. तेथें पाणी शेवटचा उपाय म्हणून ठीक, पहिला म्हणून नव्हे. या खोलीसाठीं वायूंची वंशावळ चाळतां चाळतां आम्हांस एक मौजेची गोष्ट दिसली. एके काळीं हॅलॉन हा सर्वगुणसंपन्न वायु मानला जाई. तो ओझोनच्या थरास भोकें पाडतो असें आढळल्यावर १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर त्याचें उत्पादन टप्प्याटप्प्यानें बंद झालें. त्याच्या जागीं एचएफसी जातीचे वायु आले. ते पृथ्वीची उष्णता वाढवितात म्हणून २०१६ च्या किगाली येथील दुरुस्तीनें त्यांनाहि आवर घालण्याचें ठरलें, आणि भारतानेंहि २०२१ मध्यें तिला मान्यता दिली. मग नोव्हेक नांवाचा द्रव पुढें आला. तो बनविणाऱ्या थ्रीएम कंपनीनें डिसेंबर २०२२ मध्यें, त्या कुळांतील रसायनांचें उत्पादन २०२५ अखेर थांबविणार असल्याचें जाहीर केलें. म्हणजे ज्या नळकांड्यांवर वीस वर्षें विसंबावयाचें, तीं पुन्हां भरून मिळतील कीं नाहीं हेंहि निवडीच्या वेळीं विचारावें लागतें. आम्ही शेवटीं नायट्रोजन आणि आर्गॉन यांच्या मिश्रणाकडे वळलों. हे वायु हवेंतूनच काढलेले आणि हवेंतच परत जाणारे असल्यामुळें त्यांच्यावर बंदी येण्याचें भय नाहीं. नळकांडीं मोठीं, जाड आणि प्रचंड दाबाचीं, म्हणून जागा पुष्कळ अडते. खोलीच्या फटी बुजवून ती वायु धरून ठेवते कीं नाहीं याची परीक्षा घ्यावी लागते, आणि दाबानें भिंत फुटूं नये म्हणून एक झडप ठेवावी लागते. परंतु प्राणवायूचें प्रमाण शेंकडा बारा-तेरांच्या आसपास उतरतें तेवढ्यांत निरोगी माणूस चालत बाहेर पडूं शकतो. आमच्या तराजूंत हें पारडें जड झालें.

याच खोलींत लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. त्या मात्र आम्हीं बाहेरच्या स्वतंत्र कोठडींत हलविल्या. या बॅटऱ्या पेटल्या म्हणजे उष्णता त्यांच्या पोटांतच उत्पन्न होत राहते. वायूनें ज्वाळा विझल्या तरी आंतला ताप निवत नाहीं. त्यांस दीर्घकाळ पाण्यानेंच थंड करावें लागतें. सप्टेंबर २०२५ मध्यें दक्षिण कोरियांतील डेजॉन येथें सरकारी संगणककेंद्रांत बॅटऱ्यांस आग लागून शेंकडों सरकारी सेवा एकदम बंद पडल्या. ज्या दोन वस्तूंस परस्परविरुद्ध औषधें लागतात त्यांस एका खोलींत ठेवूं नये, हा त्यावरचा साधा उतारा.

तोच न्याय शाईचे द्रावक आणि कागद यांस लागू आहे, आणि त्याचें सर्वांत दारुण उदाहरण आमच्या खाडीपलीकडे घडलेलें आहे. १४ एप्रिल १९४४ रोजीं मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजास आग लागली. त्याच्या पोटांत कापसाच्या गांठी होत्या आणि स्फोटकेंहि होतीं. आग विझविण्याची शिकस्त चालू असतांच जहाज फुटलें. त्या दिवशीं अग्निशामक दलाचे ६६ जवान कामीं आले. १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो तो त्यांच्या स्मरणार्थ. आम्हीं द्रावकांची कोठडी वखारीपासून तोडून वेगळी केली, तेथें फेसाची व्यवस्था ठेवली, आणि कामगारांच्या खानावळींत कढईवर तेलास साबणासारख्या थरानें झांकणारें ओलें रसायन बसविलें. या दोन कामांस पैसे थोडे लागले आणि वाद मुळींच झाला नाहीं.

वाद झाला तो तात्यांशीं. नव्या व्यवस्थेंत त्यांचें काम आम्हीं ठरवून दिलें : घंटा वाजतांच बाहेर पडावयाचें, रस्त्यावर उभें राहून १०१ क्रमांकास कळवावयाचें, आणि आंत पाऊल टाकावयाचें नाहीं. हें त्यांच्या पचनीं पडेना. मालाकडे पाठ फिरविणें त्यांस भ्याडपणाचें वाटे. शेवटीं आम्हीं त्यांस सांगितलें कीं बंबावरचा अधिकारी आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतो तो ‘आंत कोणी आहे का?’ हा. ‘कोणी नाहीं’ असें छातीठोक सांगणारा माणूस दाराबाहेर उभा असला, तर कोणास शोधण्यासाठीं जवानांस ज्वाळांत शिरावें लागत नाहीं. ९ मे २०१५ रोजीं काळबादेवीच्या गोकुळ निवासाला लागलेल्या आगींत इमारत कोसळून अग्निशामक दलाचे वरिष्ठ अधिकारी मृत्युमुखीं पडले, ती हकीकत तात्यांस ठाऊक होती. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे बाहेर उभं राहणं हाच पहारा.” आतां जानेवारींत आणि जुलैंत तपासणी होते तेव्हां घंटा वाजतांच सर्वांत आधीं फाटकाबाहेर तेच दिसतात, आणि कोण कोण बाहेर आलें तें मोठ्यानें मोजतात.

सांगण्याचें तात्पर्य असें कीं आग विझविण्याचें साधन विकत मिळतें, पण त्याची निवड विकत मिळत नाहीं. पाण्याचा विक्रेता पाण्याचे गुण सांगेल, वायूचा वायूचे. दोघेहि खोटें बोलत नसतील. ‘काय वांचवायचं आहे?’ या प्रश्नाचें उत्तर मालाच्या यादींत सांपडतें. ‘आंत कोण आहे?’ या प्रश्नाचें उत्तर पुष्कळदां कोणत्याच वहींत नसतें, आणि तोच प्रश्न आधीं सोडवावा लागतो. ज्यास हें साधन निवडावयाचें असेल त्यानें दरपत्रकें मागविण्यापूर्वीं एखाद्या पावसाळी रात्रीं स्वतः आपल्या वखारींत जावें, दिवे मालवावेत, आणि तेथें कोण निजलें आहे तें पाहावें. बंब कोणत्या गांवीं न्यावयाचा तें त्यानंतर ठरवितां येतें.